शाळेतील रसायनांची सुरक्षा-माहिती: आधी यादी, मग पत्रके

प्रश्न असा आहे: अनुदानित माध्यमिक शाळा, तिला जोडून विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय. तिन्ही प्रयोगशाळा मिळून दीडशेच्या आसपास रसायने. संस्थेच्या तपासणीत प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, मागितले गेले आहे. विज्ञान विभागप्रमुख विचारतात की ही सगळी पत्रके उतरवून, छापून फायली कराव्यात की संगणकात ठेवली तरी चालतील. आणि लेबल गेलेल्या जुन्या बाटल्यांचे काय करावे.

छापण्याचे काम तूर्त थांबवावे, असे मी सुचवेन. एक पत्रक साधारण आठ-दहा पानांचे असते. दीडशे रसायनांची हजाराहून अधिक पाने होतील, ती चार जाड फायलींत बसतील, तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडली जातील आणि नंतर पुढल्या तपासणीपर्यंत कपाटात राहतील. पत्रके इंग्रजीत असतात, कारखान्यातील सुरक्षा अधिकाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात, आणि आपल्याकडे बाटली प्रत्यक्ष उचलतो तो प्रयोगशाळा परिचर किंवा, पद रिक्त असल्यास, शिपाई. त्याच्यापर्यंत चार ओळी पोहोचवायच्या आहेत. त्या कोणत्या, हे ठरवण्यासाठी आधी शाळेत नेमके काय आहे ते कळले पाहिजे.

म्हणून पहिले काम यादीचे. ही यादी डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) किंवा खपाच्या नोंदवहीवरून उतरवू नये. नोंदवही काय खरेदी झाले ते सांगते. मांडणीवर काय उरले आहे, ते सांगत नाही. दोघांनी मिळून, एकाने बाटली वाचावी व दुसऱ्याने लिहावे, अशा पद्धतीने प्रत्येक कपाट, फळी आणि टेबलाखालचा खण पाहावा. नाव, कॅस क्रमांक, संहती किंवा शुद्धतेची प्रत, उरलेले प्रमाण, खरेदीचे वर्ष, जागा आणि शेवटी ‘कोणत्या प्रयोगाला लागते’ हा रकाना ठेवावा. कॅस क्रमांक ही रसायनाची जगभर मान्य ओळख असते आणि बहुतेक लेबलांवर तो छापलेला असतो. आपल्याकडे त्याची गरज अधिकच आहे, कारण एकाच कपाटात कॉस्टिक सोडा आणि सोडियम हायड्रॉक्साइड, हायपो आणि सोडियम थायोसल्फेट, मोरचूद आणि कॉपर सल्फेट अशा जुन्या-नव्या नावांच्या बाटल्या शेजारी शेजारी असतात आणि यादीत त्या सहा वेगळ्या वस्तू होऊन बसतात. उलट ‘स्पिरिट’ एवढेच लिहिलेल्या डब्यात इथेनॉल आहे की मेथेनॉल मिसळलेले मिथिलेटेड स्पिरिट, हे नावावरून कळत नाही, आणि पोटात गेल्यास दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी ठरतो. तो रिकामा राहिला, तर ते रसायन शाळेत का आहे, हा प्रश्न विचारावा. अभ्यासक्रम बदलतात, बाटल्या राहतात. असंपृक्त संयुगांच्या कसोटीसाठी कधीकाळी आणलेला कार्बन टेट्राक्लोराइड अजूनही पुष्कळ शाळांत सापडतो. ब्रोमीन जल वापरल्यास त्याची गरजच पडत नाही. पारायुक्त नेसलरचे अभिक्रियाकारक, मर्क्युरिक क्लोराइड, बेंझिन आणि भौतिकशास्त्राच्या कपाटातील सुटा पारा हे त्याच माळेतील मणी. बर्नरवरच्या तारेच्या जाळीच्या मध्यभागी पांढरट थर असेल, तर तो ॲस्बेस्टॉसचा आहे का तेही पाहावे आणि असल्यास सिरॅमिकच्या जाळ्या आणाव्यात. जे रसायन नको आहे त्याचे पत्रक सांभाळण्यापेक्षा ते नियमानुसार काढून टाकणे केव्हाही स्वस्त पडते. अशी चाळणी लावली की दीडशेची यादी बरीच आटोपशीर होते, असा माझा अनुभव आहे.

आता पत्रक कसे वाचावे याविषयी. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये रसायनांचे वर्गीकरण व लेबले यांची जागतिक पद्धत प्रथम प्रसिद्ध केली. आजचे पत्रक तिच्यानुसार १६ भागांचे असते, आणि तांबड्या चौकटीतली नऊ धोकाचिन्हेही त्याच पद्धतीतली. भारतात घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात नियम, १९८९ यांच्या नवव्या अनुसूचीत सुरक्षा माहितीपत्रकाचा नमुना आहे. मात्र त्या नियमांचा रोख मुख्यतः कारखाने व मोठे साठे यांच्याकडे आहे. शाळेने १६ भाग पाठ करण्याचे कारण नाही. दुसऱ्या भागात धोका कोणता, चौथ्यात प्रथमोपचार, सहाव्यात सांडल्यास काय करावे, सातव्यात साठवण, आठव्यात चष्मा-हातमोजे आणि दहाव्यात कशाजवळ ठेवू नये, एवढे वाचले तरी रोजचे काम भागते. चौदाव्या भागातील संयुक्त राष्ट्र क्रमांक अग्निशमन दलासाठी टिपून ठेवावा. संहत सल्फ्युरिक आम्लाचा १८३०, इथेनॉलचा ११७०, सोडियम धातूचा १४२८. तेरावा भाग विल्हेवाटीचा, पण तेथे बहुधा ‘स्थानिक नियमांनुसार’ एवढेच असते, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबता येत नाही.

नवव्या भागातील एक आकडा आपल्या हवामानामुळे महत्त्वाचा ठरतो. शुद्ध ॲसेटिक आम्ल आपण ‘आम्ल’ म्हणून आम्लांच्या फळीवर ठेवतो. पत्रकात मात्र त्याचा ज्वलनबिंदू ३९-४० अंश सेल्सिअस दिलेला असतो, म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. थंड देशातल्या शाळेत हा आकडा नुसता वाचून सोडण्यासारखा आहे. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालील खोलीत दुपारी त्याहून अधिक उष्णता असते. डायएथिल ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतो, आणि संहत अमोनियाची बाटली उन्हाळ्यात दाब धरते, त्यामुळे झाकण सैल करताच द्रव उसळून तोंडावर येऊ शकतो. यासाठीच वार्षिक पडताळणी जूनमध्ये शाळा उघडल्यावर न करता एप्रिलमध्ये सुट्टी लागण्यापूर्वी करावी, असा माझा आग्रह असतो. बंद, तापलेल्या खोलीत काय सोडून जात आहोत, ते त्या वेळी पाहिले पाहिजे.

पत्रकांच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते ती संहतीमुळे. पुरवठादार पत्रक देतो ते ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाचे; विद्यार्थ्याच्या टेबलावर असते ते विरल. संहत आम्लाचे पत्रक विरल द्रावणाला लावले तर विनाकारण भीती पसरते, आणि ‘विरल आहे, काही होत नाही’ असे मानले तर त्याहून वाईट. क्षार विश्लेषणाच्या टेबलावर शेजारी शेजारी असलेल्या चार बाटल्या घ्या. सर्व २ नॉर्मल (नॉर्मल हे संहतीचे एकक) आहेत असे समजू. हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ७ टक्के भरते. युरोपीय वर्गीकरणात १० टक्क्यांखाली ते त्वचा वा डोळ्यांसाठी धोकादायक म्हणून गणले जात नाही. सल्फ्युरिक आम्ल सुमारे ९ टक्के. ५ ते १५ टक्के या पट्ट्यात ते दाहक, म्हणजे जळजळ करणारे. नायट्रिक आम्ल सुमारे १२ टक्के. ५ टक्क्यांपासून पुढे ते भाजणारे, म्हणजे ऊती जाळणारे. आणि सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे ८ टक्के. ते तर २ टक्क्यांपासूनच भाजणारे आणि ५ टक्क्यांवर सर्वांत तीव्र गटात. चारही बाटल्यांवर काचेवर लिहिण्याच्या पेन्सिलीने ‘डायल्यूट’ एवढाच शब्द असतो. मुले आम्लाला भितात आणि अल्कलीच्या बाटलीला बिनधास्त हात घालतात, आणि डोळ्याला अधिक खोल इजा अल्कलीच करते. तेव्हा कार्ड करायचे ते खरेदी केलेल्या बाटलीचे तर कराच, पण टेबलावरच्या द्रावणाचेही वेगळे करा, आणि ‘डायल्यूट’ऐवजी लेबलावर संहतीचा आकडा व द्रावण तयार केल्याची तारीख लिहा.

कार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा जाड कागद, मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्लास्टिक चढवलेला. नमुन्यादाखल अल्कलीचेच लिहून दाखवतो: ‘सोडियम हायड्रॉक्साइड द्रावण, २ मोलर, सुमारे ८ टक्के. डोळ्याला कायमची इजा करू शकते, त्वचा भाजते, सुरुवातीला दुखत नाही, बुळबुळीत लागते. चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नये. डोळ्यात गेल्यास ताबडतोब वाहत्या पाण्याखाली, पापणी उघडी धरून, किमान पंधरा मिनिटे. डोळ्यात आम्ल किंवा अन्य काही घालू नये. पाणी चालू असतानाच दवाखान्यात कळवावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये.’ एवढे पुरे. ‘सुरुवातीला दुखत नाही’ हे तीन शब्द पत्रकात बहुधा नसतात, पण मूल पाचव्या मिनिटाला नळाखालून हात काढून घेते ते त्यामुळेच, म्हणून ते कार्डावर हवेत. मजकूर विभागातील शिक्षकांनी पत्रक समोर ठेवून लिहावा आणि परिचराला मोठ्याने वाचायला सांगावा. तो जेथे अडखळेल तेथे वाक्य बदलावे. ब्रिटनमध्ये क्लीप्स ही संस्था शाळांसाठी रसायनवार अशीच ‘हॅझकार्ड’ पुरवते आणि तीत संहतीप्रमाणे धोका वेगळा दाखवलेला असतो. मांडणी पाहण्यासाठी तो नमुना उत्तम आहे.

साठवणीचे एक वाक्य येथेच सांगून टाकतो. इंग्रजी अक्षरक्रमाने बाटल्या लावण्याची सवय सोडावी. त्या क्रमात ॲल्युमिनियमची भुकटी अमोनियम डायक्रोमेट व अमोनियम नायट्रेट यांच्या शेजारी येते, म्हणजे इंधन आणि ऑक्सिडीकारक एका फळीवर. नायट्रिक आम्ल स्पिरिट व ॲसेटिक आम्लापासून दूर, पोटॅशियम परमँगनेट ग्लिसरीनपासून दूर. दहावा भाग हेच सांगत असतो. अक्षरक्रम यादीत ठेवावा, मांडणीवर गट करावेत.

आपल्या यादीत केवळ प्रयोगशाळा आहेत. शाळेतील रसायने तेवढीच नसतात. पाण्याच्या टाकीसाठी आणलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जिन्याखाली गोणीत असते आणि तिच्या शेजारीच शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि त्या अरुंद जागेत तो बाहेर जायला वाट नसते. सफाई करणाऱ्या मावशींना हे कोणी सांगितलेले नसते. त्यांच्यासाठी दोन ओळींचे कार्ड प्रयोगशाळेतील कोणत्याही कार्डापेक्षा अधिक गरजेचे आहे. करोनाच्या काळात आणलेले सॅनिटायझरचे पाच लिटरचे डबे अजून अनेक कार्यालयांत पडून आहेत. ते ज्वालाग्राही अल्कोहोल आहे आणि यादीत यायला हवे. रंग, थिनर, जनित्राचे डिझेल, बागेतील कीटकनाशक यांचेही तसेच. बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शालेय पोषण आहारातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेव्हा शालेय पोषण आहाराच्या साहित्याशेजारी कोणतेही रसायन नको, आणि खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या बाटल्या-डब्यांत रसायन भरायचे नाही व रसायनाचा रिकामा डबा धुऊन स्वयंपाकघरात द्यायचा नाही, हा नियम लेखी असावा.

जुन्या बाटल्यांकडे वळतो. लेबल गेलेली बाटली वास घेऊन किंवा थेंब टाकून ओळखण्याच्या फंदात पडू नये. तिच्यावर ‘अज्ञात, उघडू नये’ आणि तारीख अशी चिठ्ठी लावून ती ट्रेमध्ये वेगळी ठेवावी व यादीत तशी नोंद करावी. काही बाटल्या मात्र हलवायच्याही नाहीत: कोरडे पडलेले पिक्रिक आम्ल, स्फटिक दिसणारा किंवा अनेक वर्षे पडून असलेला ईथर, पिवळा-नारिंगी थर चढलेला पोटॅशियम धातू, पूर्ण सुकलेले २,४-डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिन. हे शेवटचे कनिष्ठ महाविद्यालयात हमखास असते आणि ते ओलसर ठेवलेले असेल तोवरच सुरक्षित मानले जाते. अशा बाटलीचे झाकण फिरवणे हाच धोका असतो. खोलीला कुलूप लावावे, मुख्याध्यापकांना लेखी कळवावे आणि जवळच्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचा किंवा अग्निशमन दलाचा सल्ला घ्यावा. टोलेन्सचे अभिक्रियाकारक (सिल्व्हर नायट्रेट व अमोनियापासून केलेले द्रावण) तर साठवायचेच नसते. प्रयोग संपताच विरल आम्ल घालून नष्ट करावे, कारण राहिल्यास त्यात स्फोटक चांदी-संयुगे तयार होतात.

बाकीच्या नकोशा रसायनांची विल्हेवाट घातक व इतर टाकाऊ पदार्थांविषयीच्या २०१६ च्या नियमांखाली, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या केंद्रामार्फत करता येते. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. दोन-चार किलोंसाठी वाहतुकीचा खर्च शाळेला परवडत नाही, त्यामुळे तालुक्यातील काही शाळांनी मिळून किंवा संस्थेने आपल्या सर्व शाखांसाठी एकदाच पत्रव्यवहार करावा. खरी अडचण निराळीच असते. मुदतबाह्य बाटली टाकायची तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, ठराव हवा, ठराव करायचा तर मूल्य काढायला हवे, आणि या कटकटीपायी कोणी ती बाटली हलवत नाही; किंवा एखाद्या रविवारी शाळेमागे खड्डा खणून सगळे पुरले जाते आणि विहीर तिथून हाकेच्या अंतरावर असते. म्हणून यादीवरून निर्लेखनाचा प्रस्ताव दर वर्षी एप्रिलच्या पडताळणीबरोबरच समितीपुढे ठेवावा, म्हणजे तो स्वतंत्र उपद्व्याप वाटत नाही. विरल आम्ल-अल्कली उदासीन करून भरपूर पाण्याबरोबर सोडता येतात. क्रोमियम, शिसे, पारा, बेरियम यांची द्रावणे मोरीत सोडू नयेत, ती वेगळ्या लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवावीत.

कागद की संगणक, या आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर: पत्रके संगणकात, कार्डे व यादी कागदावर. पत्रकाच्या फाइलला कॅस क्रमांकाचेच नाव द्यावे, म्हणजे शोधायला अडचण येत नाही, आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर मुख्याध्यापकांकडे असावी. नवी बाटली आली की तिच्याच उत्पादकाचे पत्रक घ्यावे. खरेदीच्या दरपत्रकातच ‘पत्रक सोबत असल्याशिवाय माल स्वीकारला जाणार नाही’ अशी अट घातली की पुरवठादार मुकाट्याने देतो. वीज नसताना किंवा प्रयोगशाळेतच धूर झाला असताना संगणक कामाचा नाही. यादीची एक प्रत व कोणत्या खोलीत काय आहे याचा साधा नकाशा कार्यालयात, बाहेरून आलेल्या अग्निशमन जवानाच्या हाती लगेच देता येईल असा ठेवावा. त्याच कागदावर ११२, १०८ आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हे क्रमांक लिहावेत. रुग्णासोबत दवाखान्यात जाणाऱ्याने कार्ड बरोबर न्यावे, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘नेमके काय आणि किती टक्के’ हाच असतो.

आम्लांच्या बाबतीत कायदेशीर बाजूही आहे आणि ती तपासणीत हमखास निघते. आम्लहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शैक्षणिक संस्था व प्रयोगशाळांनी आम्ल-वापराची नोंदवही ठेवून ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या प्रांत कार्यालयात, सादर करायची आहे. आम्लाचा ताबा व सुरक्षित साठवण यांसाठी एक व्यक्ती जबाबदार हवी. आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची व कर्मचाऱ्यांची तपासणी बंधनकारक आहे. न पाळल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. ही नोंदवही वेगळी ठेवून तिच्यातील आकडे यादीशी न जुळणे, ही नेहमीची त्रुटी. दोन्हींत बाटलीला एकच अनुक्रमांक द्यावा, म्हणजे अडीच लिटरच्या बाटलीतून किती वापरले आणि किती उरले याचा मेळ लागतो.

राहता राहिली जबाबदारी. यादीच्या पहिल्या पानावर जबाबदार व्यक्तीचे नाव, पडताळणीची तारीख व सही हवी, आणि ही यादी कार्यभार हस्तांतरणाच्या कागदांत समाविष्ट करावी. प्रयोगशाळा सहायक निवृत्त होतो तेव्हा किल्ल्या दिल्या जातात, डेडस्टॉकच्या नोंदीही होतात, पण कोणत्या बाटलीत बदलून काय भरले आहे हे त्याच्याबरोबर निघून जाते. पुढे ते पद वर्षानुवर्षे भरले जात नाही, हे आपण जाणताच. जाणारा व येणारा, आणि येणारा नसेल तर विभागप्रमुख, यांनी यादी हातात घेऊन प्रत्येक कपाटासमोर उभे राहून सह्या कराव्यात. आपल्याकडील सहायक येत्या काही महिन्यांत निवृत्त होणार असतील, तर संस्थेच्या तपासणीची वाट न पाहता हे काम याच आठवड्यात सुरू करावे.